मिशन दवाखान्यातील एक वर्ष : तरुण डॉक्टर आणि मंडळीसाठी अभ्यासपाठ

अभ्यासाचा शास्त्रभाग : लूक १०:२५-३७



सध्या मी बालरोग शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. या जागेपर्यंत येण्याआधी एक वर्ष मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान मिशन दवाखान्यात काम केले. त्या वर्षी मी काय शिकले, कुठे चुकले आणि त्यातून आपल्या मंडळ्यांतील तरुण डॉक्टरांना काय घेता येईल, ते या पाठात मांडत आहे. रुग्णांची आणि गावांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. शेवटी चर्चेसाठी प्रश्न आहेत. तरुण संघ, महिला मंडळ किंवा घरगुती प्रार्थनासभेत ते घेता येतील.

१. डॉक्टर झाल्यावर पुन्हा परीक्षा कशाची?

मी एमबीबीएस झाले त्या वर्षी नाताळच्या भक्तीनंतर आमच्या मंडळीतील एक वडीलधारे पप्पांना म्हणाले, "गुरुजी, पोरगी डॉक्टर झाली ना? मग अजून कसला अभ्यास करते?" पप्पांना उत्तर देता आले नाही. पुष्कळ घरांत हाच प्रश्न असतो, म्हणून आधी तेवढे समजावून सांगते.

एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आहे. त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप असते, तिच्यात सगळ्या विभागांतून फिरून काम करावे लागते. मग वैद्यकीय परिषदेची कायम नोंदणी मिळते आणि माणूस डॉक्टर म्हणून स्वतंत्रपणे काम करू शकतो. परंतु बालरोगतज्ज्ञ, सर्जन किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचे असेल तर एमडी, एमएस किंवा डीएनबीसाठी रेसिडेन्सीची जागा मिळवावी लागते. ती जागा बहुतेक ठिकाणी नीट-पीजी या देशभराच्या परीक्षेवर ठरते. तिच्यात दोनशे प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. मनासारखी शाखा पहिल्या प्रयत्नात फार थोड्यांना मिळते. बाकीचे बहुतेक जण शहरात खोली घेऊन, क्लास लावून वर्षभर अभ्यासिकेत बसतात. आमच्या भाषेत याला 'ड्रॉप घेणे' म्हणतात.

माझाही पहिला प्रयत्न फसला. पप्पा निवृत्त प्राथमिक शिक्षक. धाकट्या भावाचे शिक्षण चालू होते, आणि माझ्या शिक्षणासाठी पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाचे हप्ते बाकी होते. क्लास, खोली आणि खानावळ यांचा हिशेब पप्पांनी जुन्या वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि वही मिटून ठेवली. ते काही बोलले नाहीत, पण मी ते पान पाहिले होते. त्याच महिन्यात आमच्या पाळकसाहेबांना या मिशन दवाखान्याबद्दल कळले. तिथे एकच वरिष्ठ डॉक्टर होते आणि त्यांना हाताखाली एक डॉक्टर हवा होता. पगार बेताचा, पण राहणे-जेवण तिथेच. जूनमध्ये मी रुजू झाले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. मिशन दवाखान्यात केलेल्या वर्षाचा नीट-पीजीत एकही गुण मिळत नाही. सेवा केली म्हणून रँक वर जात नाही. माझी एक मैत्रीण त्या वर्षी अभ्यासिकेत बसली आणि तिला दुसऱ्या प्रयत्नात जागा मिळाली. मला ती तिसऱ्या प्रयत्नात मिळाली. तेव्हा "सेवेला जा, जागा आपोआप मिळेल" असे कोणी तरुणांना सांगत असेल तर ते खरे नाही. या वर्षाचा उपयोग वेगळा आहे.

२. मावशींनी जे पाहिले

पहिल्या आठवड्यातच मला माझी उणीव कळली. परीक्षेच्या प्रश्नात आजार चारपैकी एका पर्यायात असतोच. ओपीडीत समोर बसलेला माणूस पर्याय घेऊन येत नाही. तो "पोट दुखते" एवढेच सांगतो, तेही भिली किंवा मावची भाषेत, आणि मला मराठीत कळते ते मध्ये बसलेल्या मावशींच्या तोंडून. या मावशी आमच्या दवाखान्यातील आया. शाळा चौथीपर्यंत, दवाखान्यातील नोकरी मात्र वीस वर्षांहून अधिक.

श्रावणात एका पहाटे चारच्या सुमारास एका तरुणाला खाटेवर घालून आणले. शेतातल्या खोपटात तो जमिनीवर झोपला होता. मध्यरात्रीनंतर पोटात कळा सुरू झाल्या आणि दोन उलट्या झाल्या. मी तपासले. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, अंगावर कुठे जखम नाही. मी पित्ताचे इंजेक्शन लिहिले आणि सकाळी घरी सोडू म्हणाले.

मावशी त्याच्या उशाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, हा डोळे उघडत नाही."

"झोपेतून उठवून आणलंय, मावशी."

"झोप नाही ही. वर बघ म्हटलं तर कपाळाला आठ्या घालतो, पण पापणी वर येत नाही."

मी पुन्हा टॉर्च घेऊन पाहिले. दोन्ही पापण्या खाली आल्या होत्या. मण्यार चावल्यावर काय होते ते मी पुस्तकात कितीतरी वेळा वाचले होते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश पुष्कळदा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, मग पापण्या जड होतात, आणि पुढे श्वासाचे स्नायू थकतात. यावर बेतलेला प्रश्न मी परीक्षेत न चुकता सोडवला असता. इथे मात्र मी पित्ताचे इंजेक्शन लिहून मोकळी झाले होते.

मी सरांना फोन केला. ते पाच मिनिटांत आले. त्यांनी त्या तरुणाला एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. तो दहाच्या पुढे जाऊ शकला नाही. प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या. तासाभरात त्याचा श्वास उथळ होऊ लागला, तेव्हा सरांनी घशात नळी घातली आणि आम्ही पाळीपाळीने हाताने फुगा दाबून श्वास देत राहिलो. आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. १०८ ची गाडी आल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत फुगा माझ्या हातात होता. अकराव्या दिवशी तो चालत घरी गेला. देवाची स्तुती असो. पण त्या पहाटे त्याला आधी ओळखले ते मावशींनी, हे मी विसरू नये.

परत आल्यावर मला वाटले, सर रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी एक दोनशे पानी वही दिली आणि म्हणाले, "पेशंट आला तेव्हा तुला काय वाटलं ते डाव्या पानावर लिही. शेवटी काय निघालं ते उजव्या पानावर. रोज लिही. आणि दोन्ही पानं सारखी असतील त्या दिवशी फार खूश होऊ नकोस."

ती वही अजून माझ्याजवळ आहे. पहिल्या तीन महिन्यांत डावे आणि उजवे पान अनेकदा वेगळे आहे.

३. "एक महिन्याने या"

आता जे लिहिते ते लिहिणे मला सोपे नाही. पण अभ्यासपाठात फक्त चांगल्या गोष्टी सांगितल्या तर त्याचा उपयोग नाही.

दसऱ्यानंतर एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. तो फिकट होता आणि त्याचे पाय अधूनमधून दुखत. आमच्या भागात अशी मुले रोज येतात. मी लोहाच्या गोळ्या लिहिल्या. सर दुपारी दिवसभराचे केसपेपर पाहत. त्यांनी विचारले, "याचं पोट हाताने पाहिलंस का?" मी पाहिले नव्हते. आई अजून वऱ्हांड्यात जीपची वाट पाहत होती, म्हणून ती सापडली. मुलाच्या डोळ्यांत पिवळेपणा होता आणि पानथरी हाताला लागत होती. सिकलसेलची प्राथमिक चाचणी केली, ती सकारात्मक आली. पुढच्या बाजारच्या दिवशी पक्का अहवाल आला : सिकलसेल आजार.

वाचकांपैकी अनेकांनी हे नाव ऐकले असेल. हा आजार आईवडिलांकडून येतो. रक्तातील तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारख्या वाकड्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे रक्त कमी होते आणि हाडांत जबर वेदना होतात. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते, वाहक निघण्याची दोनात एक. वाहकाला सहसा त्रास नसतो. भिल्ल, पावरा, मावची अशा अनेक आदिवासी समाजांत हा आजार आढळतो. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने २०४७ पर्यंत त्याचे निर्मूलन करण्याचे अभियान सुरू केले आहे. फॉलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया या गोळ्यांनी पुष्कळ मुले चांगली राहतात. मात्र या मुलांची पानथरी नीट काम करत नाही, म्हणून जंतुसंसर्ग झपाट्याने वाढू शकतो. साधा वाटणारा तापही त्यांच्या बाबतीत तातडीचा असतो.

हे सगळे मला माहीत होते. मी लोह बंद केले, रक्त तपासून गोळ्या सुरू केल्या, मात्रा बरोबर लिहिली आणि म्हणाले, "एक महिन्याने या." आईने मान हलवली. तेव्हा दिवाळी आठ दिवसांवर होती.

ती महिन्याने आली नाही, दोन महिन्यांनीही नाही. मी वहीत 'रुग्ण आला नाही' असे लिहिले आणि पुढच्या कामाला लागले.

ती आली होळीनंतर, दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन. मुलीची तपासणी करायची होती. मी विचारले, "भाऊ कसा आहे हिचा?" मावशींनी तिच्या भाषेत विचारले. उत्तर ऐकून मावशी थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी सांगितले. दिवाळीनंतर कुटुंब दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला गेले होते. तिथे पौषात मुलाला ताप आला. एक दिवस वाट पाहिली, दुसरा दिवस पाहिली. तिसऱ्या पहाटे तो गेला.

आईने आणखी एक वाक्य सांगितले. मावशींनी ते मराठीत केले तसे लिहिते : "ताप आला की लगेच न्यायचं, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी पायी गेले असते."

मी सांगितले नव्हते. गोळ्यांची मात्रा सांगितली होती, पण तापाचे सांगायचे राहिले. दिवाळीनंतर तुम्ही कुठे असाल, हेही विचारले नव्हते. आमच्या भागातून कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि होळीच्या सुमारास परततात. मावशींना ते ठाऊक होते, दवाखान्याच्या स्वयंपाकघरातील बायकांनाही. मी कधी विचारलेच नव्हते.

वेळेत नेले असते तर मूल नक्की वाचले असते, असे कोणी डॉक्टर छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण त्याला मिळायला हवी होती ती संधी माझ्याकडून गेली. त्या रात्री मी सरांना म्हणाले, मला घरी जायचे आहे. ते म्हणाले, "जा, दोन दिवस राहून ये. पण त्या मुलीचा अहवाल गुरुवारी येईल. तो तिच्या आईला तूच सांगायचास." मी गेले नाही. गुरुवारी अहवाल आला. मुलगी वाहक होती, आजारी नव्हती. ते मी स्वतः सांगितले. वाहक म्हणजे काय, पुढे लग्नाच्या वेळी जोडीदाराचीही तपासणी का करायची, हेही सांगितले. आईने सगळे ऐकून घेतले आणि मुलीला पदराखाली घेऊन गेली.

त्यानंतर आम्ही सिकलसेलच्या प्रत्येक मुलाच्या कार्डावर दोन ओळी वाढवल्या. पहिली : गाव कधी सोडता, कुठे जाता, कधी परतता. दुसरी : ताप, दम किंवा अचानक फिकटपणा आला तर त्याच दिवशी दवाखाना. बाहेर जाणाऱ्या कुटुंबाला मराठी आणि गुजराती अशा दोन्ही लिपींत एक चिठ्ठी द्यायला लागलो, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात ती दाखवता येईल. सांगून झाल्यावर आईकडूनच ते परत वदवून घेऊ लागलो. मावशी यात माझ्यापेक्षा कडक होत्या. आईने नीट सांगितल्याशिवाय त्या तिला उठू देत नसत.

४. शोमरोनी मनुष्याने काय काय केले

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातून दया शिकतो, शेजारी कोण ते शिकतो. त्या वर्षी मी तो डॉक्टर म्हणून वाचला आणि त्याने केलेल्या कामांची क्रमाने यादी केली.

त्याने पाहिले. तो जवळ गेला. तेल आणि द्राक्षारस वापरून जखमा बांधल्या. स्वतःच्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले आणि तिथे त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाकडे पैसे दिले, त्याला सांभाळायला सांगितले, आणि आणखी खर्च झाला तर परत येताना देईन असे म्हणाला.

आमचे शिक्षण बहुतेक जखम बांधण्यापर्यंतचे असते. त्या मुलाच्या बाबतीत मी जखम बांधली, पण त्याला पुढे कोणाच्या हाती सोपवायचे ते पाहिले नाही. शोमरोनी मनुष्य मात्र स्वतः निघून जाताना मागची व्यवस्था लावून गेला. उपचार चालू कसे राहतील, सांभाळणार कोण, खर्च कोण करणार, मी पुन्हा केव्हा येणार, या चारही प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळ होती.

ज्याला आपण वैद्यकीय अनुभव म्हणतो त्यात माझ्या मते तीन गोष्टी येतात : रुग्णाजवळ जाऊन नीट पाहणे, आपल्याला कळत नाही तेव्हा वेळेत विचारणे, आणि शेवटपर्यंत माग ठेवणे. या गोष्टी पुस्तकातून कळतात, पण अंगवळणी पडतात त्या रुग्णाची जबाबदारी अंगावर घेतल्यावरच.

५. बिरवाडीचे उदाहरण

लहान दवाखान्यात राहिले तर माणूस मागे पडतो, अशी भीती घरच्यांना वाटते. यासाठी महाराष्ट्रातलेच एक उदाहरण देते. डॉ. हिंमतराव बावस्कर एमबीबीएस होऊन १९७६ साली रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत. ते रुग्णांच्या उशाशी बसून राहिले, लक्षणे टिपत गेले. विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी होते, हे त्यांनी बारकाईने पाहिले. पुढे त्यांनी पुण्यात एमडी केले आणि पुन्हा महाडकडे परतले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे औषध विंचूदंशावर उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवून दिले. लॅन्सेट या नामांकित नियतकालिकाने त्यांचे काम छापले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या बाबतीत निरीक्षण आधी आले आणि पदव्युत्तर पदवी नंतर. आपण सगळे काही बावस्कर होणार नाही. पण लहान केंद्रात लक्ष देऊन केलेले काम वाया जात नाही, हे यावरून दिसते. आता तर एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला शिक्षणाच्या काळातच तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करावे लागते.

६. तरुण डॉक्टरांसाठी सूचना

माझ्या अनुभवावरून काही सूचना करते.

(१) रुजू होण्याआधी विचारा : वरिष्ठ डॉक्टर कोण, आणि रात्री दोन वाजता ते फोन उचलतात का? जिथे शिकवणारे कोणी नाही तिथे एकट्याने जाऊ नका. एकट्याने केलेल्या चुका तुम्हाला कळणारही नाहीत, आणि त्या रुग्णाला भोगाव्या लागतील.

(२) कायम नोंदणी झाल्याशिवाय काम सुरू करू नका. नेमणूक, पगार आणि कामाचे तास लेखी घ्या. मिशनचे काम आहे म्हणून लेखी मागायला संकोच करू नका.

(३) अभ्यासाचे तास ठरवून घ्या. मी पहाटे पाच ते सात अभ्यास करत असे आणि सरांनी आठवड्यातून एक दिवस मोकळा दिला होता. दिवसा पाहिलेल्या आजारावरचे प्रश्न रात्री सोडवले तर ते पक्के लक्षात राहतात.

(४) दोन पानांची वही ठेवा. तिच्यात रुग्णाचे नाव लिहू नका.

(५) नर्स, आया, आशाताई आणि रुग्णवाहिकेचे चालक यांच्याकडून शिका. रुग्ण कुठून आला आणि कुठे जाणार, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक माहीत असते.

(६) लोकांची भाषा शिका. दुखते कुठे, कधीपासून, ताप आहे का, पुन्हा कधी याल, एवढे विचारता आले तरी रुग्णाचा चेहरा बदलतो.

(७) जाताना प्रमाणपत्र खरे घ्या. जितके महिने काम केले तितकेच, जे काम केले तेच.

७. मंडळीसाठी

आपल्यापैकी अनेकांनी मिशन दवाखान्यांना वर्षानुवर्षे दान दिले आहे. त्याच दानातून आमच्या दवाखान्यात प्रतिविषाच्या त्या दहा कुप्या होत्या. त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आणखी काही गोष्टी आपण करू शकतो.

आपल्या मंडळीतील कोणी मुलगा किंवा मुलगी नीट-पीजीत अपयशी झाली असेल तर "अजून झालं नाही का?" असे विचारू नका. तिला बसवून चहा द्या. घरात कर्ज असेल तर तेही विचारा. एखाद्या तरुण डॉक्टरला एक वर्ष मिशन दवाखान्यात जायचे असेल, तर त्याच्या कर्जाचे काही हप्ते मंडळीने उचलावेत, किंवा परीक्षेची पुस्तके आणि शुल्क यांचा भार घ्यावा. माझ्यासाठी आमच्या महिला मंडळाने तसे केले. पप्पांनी त्या जुन्या वहीतले पान तेव्हाच फाडून टाकले, असे आईने मला नंतर सांगितले.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालयाबरोबर वैद्यकीय शिक्षणाचीही सोय केली होती. रुग्णांची सेवा आणि नव्या डॉक्टरांची घडण एकाच छपराखाली चालावी, ही आपली जुनी परंपरा आहे. मिशन दवाखान्यात नव्या डॉक्टरसाठी एक राहती खोली, एक टेबल आणि शिकवायला वेळ असलेला एक वरिष्ठ, एवढे असले तरी ती पुढे चालेल.

आता मी मोठ्या रुग्णालयात शिकते. वॉर्डातून मूल घरी सोडताना मी आईला विचारते, "पुढचे तीन महिने कुठे असाल?" पहिल्या आठवड्यात माझ्या एका प्राध्यापकांनी विचारले, हे कुठे शिकलीस? मी त्यांना दवाखान्याचे नाव सांगितले. त्या आईचे नाव माझ्या वहीत नाही, पण ते मला आठवते.

चर्चेसाठी प्रश्न

१. लूक १०:२५-३७ वाचा. शोमरोनी मनुष्याने केलेल्या कामांची यादी करा. त्यांतील कोणते काम आपण सहसा अर्धवट सोडतो?

२. मावशींना जे दिसले ते डॉक्टरला का दिसले नाही? आपल्या मंडळीत कोणाचे म्हणणे ऐकायचे राहून जाते?

३. "मला कोणी सांगितलं असतं तर" असे आपल्याला कोणी म्हणू शकेल का? कोणत्या बाबतीत?

४. आपल्या मंडळीत शिक्षण संपवून वाट पाहत बसलेले तरुण कोण आहेत? या तीन महिन्यांत त्यांच्यासाठी कोणती एक गोष्ट करता येईल?

प्रार्थनेचे विषय

ऊसतोडीला गेलेली कुटुंबे आणि त्यांच्याबरोबर असलेली आजारी मुले. मिशन दवाखान्यांतील आया, नर्स आणि वरिष्ठ डॉक्टर. या वर्षी परीक्षेला बसणारे तरुण डॉक्टर, आणि ज्यांना या वर्षी जागा मिळणार नाही ते.